दाबून भरलेली पेटी

पेटीतून सत्तावीस वस्तू निघाल्या. पाच स्वेटर, चार सदरे, चार विजारी, तीन ॲप्रन, डोक्याला बांधायचे दोन रुमाल, सहा मोजे, एक हातमोजा, एक फणी आणि एक प्लास्टिकची ताडपत्री. मेलेल्या माणसासोबत द्यायच्या कागदी नोटांच्या गड्ड्यांचा लगदा झाला होता, त्यामुळे त्या मोजता आल्या नाहीत. हातमोजे मी आत दोन घातले होते.

या सगळ्याच्या मध्ये माझी आजी, आपो, होती. तिला पुरून सात वर्षं आणि दहा महिने झाले होते. एवढ्या काळात आमच्या डोंगरउतारावर माणसाची फक्त हाडं उरतात. ती वेचायची, पुसायची, वाळवायची, रांजणात पायांपासून डोक्यापर्यंत बसवायची आणि घराण्याच्या समाधीत ठेवायची. याला आमच्या हक्का लोकांत सोनं वेचणं म्हणतात. आपोचं सोनं झालंच नव्हतं.

हे सगळं सामान दुपारी बाहेर आलं. सकाळी त्यातलं काहीच दुसऱ्या कुणाला माहीत नव्हतं. नऊ वाजून दहा मिनिटांनी चुंग उस्तादांनी पहार घालून झाकण उचललं, वरचे कपडे चार बोटं बाजूला सारले, आत वाकून पाहिलं आणि झाकण पुन्हा अर्धं ओढून घेतलं. हाडं वेचण्याचं काम ते चाळीस वर्षं करत होते. माझ्या आजोबांची हाडंही त्यांनीच वेचली होती. ते आवाज न चढवता म्हणाले, "आजींचं अजून झालेलं नाही. चेहरा आहे तसा आहे."

मामी दोन पावलं मागे सरकली. वुन-फुक मामाने सिगारेट काढली आणि पेटवली नाही. माझी आई कबरीच्या उशाशी काळी छत्री धरून उभी होती, कारण उघड्या पेटीवर आभाळ पडू द्यायचं नसतं. छत्री धरणाऱ्याने पेटी झाकेपर्यंत हात बदलायचा नसतो आणि जागाही सोडायची नसते. हा मान खरा मुलाचा. पण मामाचा खांदा आखडलेला होता, म्हणून त्याने सकाळी छत्री आईच्या हातात दिली होती. आता ती तिथे अडकली.

उस्तादांनी दोन रस्ते सांगितले. एक म्हणजे पेटी आहे तशी उचलायची, उद्या सकाळी विद्युतदाहिनीत न्यायची आणि राख रांजणात भरायची. दुसरा म्हणजे आतलं सगळं काढायचं, कुजायला गती यावी म्हणून तांदळाची दारू शिंपडायची, कोबीची पानं पसरायची, फळ्यांना भोकं पाडायची आणि अजून एक वर्ष थांबायचं. पण गावाची दफनभूमी डिसेंबरअखेर रिकामी करून द्यायची होती. मुदत वाढवून हवी असेल तर अर्जावर घरातल्या कर्त्या पुरुषाची सही लागणार, आणि अर्ज आज तीनच्या आत कचेरीत जायला हवा. ते एवढं बोलले आणि चिंचोळ्या पायवाटेवर बायकोशेजारी जाऊन बसले. तिने थर्मासमधून चहा ओतला.

मामा म्हणाला की जाळून टाकू.

आईने मान हलवली. आपोने तिच्याकडून वचन घेतलं होतं आणि ते घरात सगळ्यांना ठाऊक होतं. आपो वीस वर्षांची असताना गवती चहाचं तेल काढायच्या भट्टीवर कामाला जायची. तिथे तिची धाकटी नणंद भट्टीच्या तोंडाशी पेटली. आपोने तिला ओढून काढलं, पण पोर चौथ्या दिवशी गेली. त्यानंतर आपोने स्वयंपाक सोडून कशासाठीही काडी ओढली नाही. उदबत्ती पेटवायचं कामही दुसऱ्याकडे द्यायची. मला मातीत घाला, ती सांगायची, मी थांबेन कितीही वर्षं, मला घाई नाही.

"आई थांबली की," मामा म्हणाला. "बघ ना, कशी थांबलीय. आता घाई आपल्याला आहे."

जो माणूस मातीत जात नाही, तो कशाला तरी धरून बसलेला असतो, असं आमच्याकडे मानतात. आणि तो सुटत नाही तोवर मागे राहिलेल्यांचंही काही सुटत नाही. मामाला हे आधीपासून माहीत असल्यासारखं होतं. गेल्या सात वर्षांत त्याच्या सुनेचं बाळ दोनदा पोटातच गेलं, लाल बोरांची बाग वादळात निम्मी आडवी झाली आणि त्याच्या उजव्या कानाने ऐकू येणं थांबलं. तीन वर्षांपूर्वी तो देवळातल्या भगताकडे गेला. भगताने डोळे मिटून सांगितलं की खाली ओल आहे आणि एक म्हातारी गाठ धरून बसलीय. गाठ कोणती, ते सांगितलं नाही. मामाने ते घरी येऊन स्वतःच ठरवलं.

ती गाठ म्हणजे माझी आई. मी चार वर्षांची असताना तिने माझ्या वडिलांना सोडलं आणि ती माहेरी परत आली. आमच्याकडे मेलेल्यांच्या नावाची पाटी देव्हाऱ्यात ठेवतात. लग्न झालेल्या मुलीला माहेरच्या देव्हाऱ्यात जागा नसते, आणि नवरा सोडलेलीला सासरच्याही नसते. मामा तेव्हा म्हणाला होता की दोन महिने ठीक आहे. आपो त्या वेळी अंगणात मोहरीचा पाला पसरत होती. तिला तीन वर्षांची असताना या घरात आणून टाकलं होतं, पुढेमागे घरातल्या मुलाशी लग्न लावायचं म्हणून. ती ज्याच्याबरोबर एका ताटात जेवून मोठी झाली, त्याच्याशीच सतराव्या वर्षी तिचं लग्न झालं. आपल्या आईबापांची नावं तिला शेवटपर्यंत कळली नाहीत. मामाचं ऐकून ती हातातला पाला न सोडता म्हणाली, "मला परत जायला घर नव्हतं. हिला आहे. मागची खोली झाडून दे." आई सांगते की पुढे बारा वर्षं या विषयावर घरात कुणी बोललं नाही. आपो गेल्यावर मात्र मामा बोलायला लागला.

खरं तर आईच्या आईला आमच्यात वेगळी हाक आहे. आपो म्हणायचं ते बापाच्या आईला. मामाचा मुलगा म्हणायचा म्हणून मीही आपो म्हणायला लागले आणि तिने मला कधी दुरुस्त केलं नाही.

ती मोहरीच्या पाल्याचं लोणचं घालायची. आमच्या गावात सगळेच घालतात, पण आपोच्या बाटल्या लोक नाव सांगून मागून न्यायचे. भात काढल्यावर त्याच शेतात मोहरी पेरायची. हाताएवढी पानं झाली की कापून दिवसभर तिथेच सुकू द्यायची, मग टाकीत एक थर पाल्याचा, एक थर खड्या मिठाचा, आणि वर चढून पायांनी तुडवायचं. पंधरा दिवसांनी पाला बाहेर काढून उन्हात वाळवायचा, चिंध्यांसारखा फाडायचा आणि बाटलीत ठासायचा. बाटली उलटी करून ठेवली की तीन वर्षांनीही आत काही बिघडत नाही. सगळी करामत ठासण्यात असते. आपोकडे बांबूपेक्षा जड असा जांभ्या लाकडाचा एक दांडा होता. बाटलीत चार चिंध्या टाकायच्या आणि दांड्याने दाबायचं, पुन्हा चार, पुन्हा दाबायचं. भरलेली बाटली ती उजेडासमोर धरून फिरवायची आणि काचेला लागून एखादा बुडबुडा दिसला तर म्हणायची, "हा बघ चोर." मग सगळं बाहेर, आणि पहिल्यापासून. आठव्या वर्षी तिने मला शेजारी बसवलं. पहिल्या दिवशी मी सहा बाटल्या भरल्या आणि सहाही तिने रिकाम्या केल्या. दहाव्या वर्षापर्यंत माझ्या बाटलीत चोर सापडेनासा झाला. "सैल राहिलं की सडलं," असं ती म्हणायची, आणि ते नुसतं लोणच्याबद्दल नसायचं. माझ्या वेण्या, मामाच्या चपला, निवडणुकीतली आश्वासनं, सगळ्यांना तोच नियम.

तीच आपो सरकत्या जिन्याला घाबरायची. एकदा तालुक्याच्या दुकानात ती जिन्याच्या पायथ्याशी वीस मिनिटं उभी राहिली आणि शेवटी म्हणाली की वरचा माल खालच्यापेक्षा चांगला असूच शकत नाही.

पायवाटेवर मामा आता मोठ्याने बोलत होता. एका कानाने ऐकू येत नसल्यामुळे त्याला आपला आवाज कळत नसे. शेजारच्या दोन कबरींवर दुसऱ्या घरची माणसं काम करत होती, ती थांबून ऐकायला लागली. तो म्हणाला की म्हातारीचा जीव कशात अडकलाय हे सांगायला भगत कशाला हवा. पंचावन्न वर्षांची लेक घरात बसलीय, नवरा नाही, मेल्यावर हिचं नाव कुठल्या पाटीवर लिहायचं ते ठरलेलं नाही, मग म्हातारी डोळे मिटणार कशी. उद्या जाळलं म्हणजे ती मोकळी आणि आम्हीही मोकळे.

आई उत्तर देऊ शकली असती. पण तिच्या हातात छत्री होती. समोर अर्धी उघडी पेटी होती, मागे चिकणमातीचा ढीग, आणि दोन्ही बाजूंना परक्यांच्या कबरींच्या भिंती. तिला तोंड फिरवायलाही जागा नव्हती. छत्री हळूहळू एका बाजूला कलायला लागली होती. मी छत्री घ्यायला पुढे झाले तेव्हा तिने नुसत्या डोळ्यांनी मला जागीच थांबवलं.

अकरा वाजले. मामीने मध्ये पडून पाहिलं. ती म्हणाली की उस्तादांचं ऐकून एक वर्ष थांबायला काय हरकत आहे. मामा म्हणाला, वर्षभरानेही तशीच निघाली तर?

मग आई म्हणाली, "दादा, मी जाते घरातून."

मामाला ऐकू गेलं नाही. तिने पुन्हा सांगितलं, त्याच्या डाव्या कानाला ऐकू जाईल एवढ्या आवाजात. "माझ्यात जीव अडकला असेल तर मी निघते. या आठवड्यात निघते. तू सही कर. तिला आगीत घालू नकोस."

"कुठे जाशील?"

"ते तुला काय करायचंय. तू सही कर."

मामाने सिगारेट परत पाकिटात घातली. तो नाही म्हणाला नाही. मी त्याच्या चेहऱ्याकडे बघत होते, आणि तो विचार करतोय हे मला स्पष्ट दिसत होतं.

मी खाद्यविज्ञानाची पदवी घेतली आहे. दुसऱ्या वर्षाला, ऑक्टोबरात, डबाबंद अन्नावरच्या तासाला सरांनी फळ्यावर चार ओळी लिहिल्या: हवा नाही, पाणी हलत नाही, मीठ किंवा आम्ल आहे, आवरण घट्ट आहे, तर कुजणं थांबतं किंवा फार हळू होतं. मी ते वहीत उतरवून घेतलं. चौथ्या ओळीला माझा हात थांबला. मी काय करून बसले आहे हे मला त्या बाकावर कळलं. मला कळल्याला तीन वर्षं आणि एक महिना झाला होता, आणि मी कुणाला सांगितलं नव्हतं. तेव्हा मी स्वतःला सांगितलं की हा नुसता अंदाज आहे, नमुना एकच आहे, आणि जमिनीखाली काय आहे ते कुणी पाहिलेलं नाही. आता पाहिलं होतं.

"मामा," मी म्हणाले, "आपो कुणात अडकलेली नाही. मी तिला दाबून भरलं."

मामाने डावा कान पुढे केला. मी पुन्हा सांगितलं आणि मग सगळंच सांगितलं.

आपो जानेवारीत गेली, ऐन हंगामात, चारही टाक्या भरलेल्या असताना. पेटीत ठेवायच्या वेळी पंचांग पाहणाऱ्याने सांगितलं की आजच्या घटकेला डुकराच्या आणि सापाच्या वर्षात जन्मलेल्यांनी पाठ फिरवून उभं राहायचं, नाहीतर सावली पेटीत कोंडली जाते. मामा-मामी दोघं डुकराच्या वर्षातली, आई सापाच्या. मामाचा मुलगा सैन्यातून अजून पोचला नव्हता. तिघंही भिंतीकडे तोंड करून उभी राहिली आणि पेटीजवळ घरातली मी एकटीच उरले. मी सोळा वर्षांची होते. पेटी आपोच्या मानाने मोठी होती. नेणाऱ्या माणसांनी कागदाच्या गड्ड्या माझ्याकडे दिल्या, फटी भरून घे म्हणाले, उतारावर हलायला नको, आणि झाकण आणायला गेले. गड्ड्या पुरल्या नाहीत. मला वाटलं, आपोला ओल सोसत नाही, तिचे गुडघे धरतात. म्हणून टाकीवर घालायची नवी ताडपत्री आणली आणि तिला गळ्यापासून पावलांपर्यंत गुंडाळलं. मग तिच्या कपाटातले कपडे आणले. काखेत, मानेखाली, पायांच्या मध्ये, कडेकडेने, चार चार घालून दाबले. हात पुरेना तेव्हा दांडा आणला. वीस मिनिटं लागली. शेवटी मी बोटं घालून सगळीकडे चाचपून पाहिलं. एकही चोर नव्हता.

हे मी सांगत असताना मामी माझ्या अगदी जवळ आली होती. आपोनंतर बाटल्या तीच भरते. तिने हळूच विचारलं, "दांडा लाकडाचा की बांबूचा?"

"जांभ्या लाकडाचा."

"अगं बाई," मामी म्हणाली आणि खाली बसली.

मामाला पटलं नव्हतं. तो म्हणाला की आईला वाचवायला पोरगी काहीही बोलेल, शिकलेली आहे, शिकलेल्यांना कारणं सापडतात. मी म्हणाले की माती चिकण आहे, खालून पाणी झिरपतं, शेवटच्या वर्षी ती बरीच औषधं घेत होती, त्यामुळे यात माझा वाटा किती ते नेमकं सांगता येणार नाही. पण आत काय आहे ते सांगता येईल. आणि मी यादी सांगितली. निळा स्वेटर उजव्या काखेत, तपकिरी डाव्या. तिन्ही ॲप्रन गुडघ्यांच्या मध्ये. फणी डोक्याखाली. अठ्ठावीस वस्तू, आणि सगळ्यात आत ताडपत्री.

मामाने चुंग उस्तादांना हाक मारली. उस्ताद म्हणाले की कपडे काढले की पेटी तशीच उचलून नेता येणार नाही, आधी ठरवा. मामा म्हणाला, काढा.

उस्तादांनी हातमोजे चढवले आणि एकेक वस्तू बाहेर काढून गवतावर ठेवायला सुरुवात केली. कपडे सहज निघत नव्हते. दोनदा त्यांना पहार घालावी लागली. निळा स्वेटर उजवीकडून निघाला, तपकिरी डावीकडून. मामी बोटांवर मोजत होती. ताडपत्रीचा काठ दिसला तेव्हा उस्ताद थांबले, त्यांनी तो दोन बोटांत धरून चोळला आणि मामाकडे पाहिलं.

"वुन-फुक, हिने आजींना बाटलीत घातलंय रे," ते म्हणाले. "भगताला बोलावलंस, त्यापेक्षा बाटली उघडायचं काहीतरी आणायला हवं होतंस."

त्यांची बायको तोंड फिरवून हसली. मामी मोजणी संपवून म्हणाली की सत्तावीसच भरल्या, एक हातमोजा कमी आहे.

मामा गवतावरच्या कपड्यांकडे वळला. मग तो म्हणाला, "तीन वर्षं मी दर पौर्णिमेला मांस खाल्लं नाही." कुणाला उद्देशून, ते कळलं नाही. त्याने अर्ज मागितला. पहिलं पेन उमटलं नाही, मी माझं दिलं. मामीची पर्स कागदाखाली धरून त्याने सही केली, आणि खाली, जबाबदार व्यक्ती या रकान्यात, माझं नाव लिहिलं. तो म्हणाला की वर्षभर दर अमावास्येला आणि पौर्णिमेला उदबत्ती लावायला मीच यायचं, ताइनानहून यायचं, नोकरी असो नसो. आणि भगताने जे सांगितलं ते सांगितलंच, तो पुढे म्हणाला, ओल आहे हे तर खरंच निघालं. आईला तो जा म्हणाला नाही आणि राहा असंही म्हणाला नाही.

आई अजून छत्री धरून होती. मी तिच्याजवळ गेले. मला वाटलं होतं, तिला हलकं वाटेल.

"तुला कधी कळलं?" तिने विचारलं.

"कॉलेजात. दुसऱ्या वर्षाला."

"तीन वर्षं?"

मी हो म्हटलं. त्या तीन वर्षांत मामा जेवताना काय काय बोलायचा ते मीही सुट्टीत घरी आल्यावर ऐकलं होतं, तिच्या शेजारी बसून, ताटात बघत. तिने मान वळवून पेटीत पाहिलं. त्यानंतर त्या दिवशी ती माझ्याशी बोलली नाही, आणि नंतरचे चार महिनेही फक्त जेवलीस का एवढंच विचारत होती.

मामीचा भाचा बाजारातून कोबीचे बत्तीस गड्डे घेऊन आला. मामी आणि मी पायवाटेवर बसून पानं सोडवत होतो. उस्तादांनी फळ्यांना बारा भोकं पाडली, बाटल्यांतली दारू शिंपडली आणि पानं टाकायला मला बोलावलं. मी पेटीशी वाकले. आपोचा चेहरा पिवळट मेणासारखा झाला होता, पण कपाळावरची आडवी रेघ तिचीच होती. मी पानं ठेवायला लागले. दोन मिनिटांनी मामीने माझ्या मनगटावर चापट मारली. मी पानांवर पानं रचून तळहाताने दाबत होते.

"सैल टाक, पोरी. सैल. वारा जाऊ दे."

मला ते जमेना. माझे हात आपोआप कडा शोधत होते. शेवटी मामीने मला बाजूला केलं आणि पानं वरून, उंचावरून सोडली, जशी पडतील तशी. झाकण बसलं तेव्हा दोन वाजून पस्तीस मिनिटं झाली होती. आईने छत्री मिटली. तिची बोटं दांड्याभोवती आखडली होती, मामीने ती एकेक करून सोडवली. मी अर्ज घेऊन कचेरीकडे पळाले.

पुढचं वर्ष मी दर पंधरवड्याला आगगाडीने आले आणि गेले. कंपनीत लोक विचारायचे की गावी कोण आजारी आहे. मी उदबत्ती लावायची, कबरीच्या चारही कोपऱ्यांत माती दाबून पाहायची आणि वहीत ती कोरडी आहे की ओली एवढंच लिहायची. याहून जास्त काही कळायचा मार्ग नव्हता. आई मागच्याच खोलीत राहत होती. तिचं सामान बांधलेलं होतं, तीन खोके, दाराशी. ती त्यातूनच कपडे काढायची, धुवायची आणि घडी करून पुन्हा खोक्यात ठेवायची. मामा दारावरून जाताना खोक्यांकडे बघायचा. सगळे वाट बघत होते, आणि वाट बघणं हे एकच काम घरात उरलं होतं. मार्चमध्ये एकदा आई मला स्टेशनवर सोडायला आली आणि गाडी यायच्या आधी म्हणाली, "तू तिचे पायही गुंडाळले होतेस ना? तिचे पाय फार गार पडायचे." मी हो म्हटलं. गाडी आली.

सप्टेंबरात, मध्य-शरद पौर्णिमेनंतरच्या सातव्या दिवशी, चुंग उस्तादांनी झाकण दुसऱ्यांदा उचललं. त्या वर्षी मामाच्या सुनेला सहावा महिना चालू होता, त्यामुळे तिला आणलं नव्हतं. मामा आला होता, पण दहा पावलं लांब उभा होता. छत्री या वेळी त्याने आपण होऊन घेतली नाही आणि आईला द्यायलाही धजला नाही. ती आईने स्वतः उचलली.

उस्ताद आत वाकले. त्यांनी काहीतरी उचललं, तांदळाच्या दारूत भिजवलेल्या फडक्याने पुसलं आणि छत्रीच्या सावलीत आईसमोर धरलं. मग त्यांच्या बायकोने चटई पसरली. पावलांची हाडं आधी आली, मग नडग्या, गुडघ्याच्या वाट्या. उस्ताद प्रत्येक हाडाचं नाव घेऊन ते बायकोच्या हातात देत होते आणि ती ते लाल कागदावर ठेवत होती. मामा एकेक पाऊल करत चटईपर्यंत आला. त्याने गुडघ्यावर बसून सगळं पाहिलं, शेवटी आईकडे वर बघितलं आणि म्हणाला, "खांदा आता बरा आहे. दे इकडे."

"हात बदलायचा नसतो," आई म्हणाली.

"मग दोघं धरू."

त्याने वरून तोच दांडा धरला.

उस्ताद म्हणाले की रांजण मागवायचा आहे, तर मांडीचं हाड मोजून घ्या. रांजण त्याच्याहून दोन बोटं उंच हवा, नाहीतर झाकण बसत नाही. त्यांनी मोजायची फीत माझ्याकडे टाकली. मी ते हाड चटईच्या काठाला समांतर ठेवलं, फीत वरच्या गोल टोकापासून धरली आणि खालपर्यंत ओढली.

"किती?" आईने विचारलं.

मी फीत काढून दुसऱ्यांदा लावली.

अडतीस पूर्णांक सहा सेंटिमीटर.